दोन बाण, मग एंटर

मला सगळ्यात जास्त किळस येते ती दुसऱ्याच्या ओल्या हाताची. त्यातही न विचारता माझं कोपर धरणाऱ्या ओल्या हाताची. नवा लेआउटवाला आमच्या प्रेसमध्ये रुजू झाला तेव्हा पहिल्याच मिनिटाला त्यानं माझं कोपर धरलं आणि मला माझ्याच खुर्चीपर्यंत नेऊन बसवलं. त्या खुर्चीवर मी एकोणीस वर्षं बसतेय.

"सांभाळून हं ताई," तो म्हणाला. "इथे टेबल आहे."

"हो का?" मी म्हटलं. "मला वाटलं, बैल बांधलाय."

तो हसला नाही. आंधळ्या बाईला विनोद करता येत नसणार असं त्यानं गृहीत धरलं असावं. मी बाहीनं कोपर पुसलं आणि कामाला लागले.

आमची प्रेस म्हणजे अंधांसाठी पुस्तकं छापणाऱ्या एका संस्थेची तळमजल्यावरची लांबट खोली. एका टोकाला ब्रेलचा प्रिंटर. तो शाईनं छापत नाही, जाड कागदावर टिंबं उठवतो, आणि चालू असला की पत्र्यावर गारा पडल्यासारखा आवाज करतो. मध्ये माझं टेबल आणि त्यावर खोलीतला एकुलता एक संगणक. दुसऱ्या टोकाला बांधणीचा ओटा. मजकूर संगणकात घालायचा, ब्रेलमध्ये फिरवायचा, छापायचा, बोटांनी वाचून चुका काढायच्या आणि दुरुस्त करून पुन्हा छापायचा, हे सगळं मी एकटी करते. मी जन्मापासून आंधळी आहे. 'दिव्यचक्षू' वगैरे शब्द ज्यांना वापरायचेत त्यांनी खुशाल वापरावेत, मला ते ऐकले की दाताखाली खडा आल्यासारखं होतं.

नवा माणूस सकाळी आला की आधी खोलीत सुगंधी फवारा मारायचा. चारी कोपऱ्यांत, फुस्स फुस्स.

"हा कसला वास?"

"लिंबाचा, ताई. फ्रेश वाटतं ना?"

लिंबाला तो वास आला असता तर त्यानं झाडावरून उडी मारली असती. दिसणाऱ्या माणसांना वास म्हणजे सजावट वाटते. प्रिंटरची मोटर तापली, डिंक आंबला, कागदाच्या गठ्ठ्याला ओल लागली, हे मला माझं नाक सांगतं. फवारा मारला की नाकावर कुणीतरी ओलं फडकं धरल्यासारखं व्हायचं. मी त्याचं नाव फवाराच ठेवलं, आणि घरी नवऱ्याशी बोलतानाही तेच वापरायला लागले.

शिवाय फवारा क्रीमची बिस्किटं खायचा आणि त्याच बोटांनी कीबोर्ड वापरायचा. त्याची पाळी संपून माझी आली की बटणावरून बोट उचलताना चट्ट असा आवाज यायचा. मी रोज स्पिरिटच्या बोळ्यानं कीबोर्ड पुसायचे.

त्याची पाळी, माझी पाळी हे प्रकरण आधी सांगायला हवं, कारण सगळं रामायण त्यातूनच घडलं. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत म्हणतात, पण आमच्या डिस्कवर दोन लिनक्स राहत होती. लिनक्स म्हणजे संगणक चालवणारं मूळ सॉफ्टवेअर. माझं लिनक्स जुनं. त्यात पडद्यावरचं सगळं वाचून दाखवणारा प्रोग्रॅम आहे आणि ब्रेलचा प्रिंटर फक्त त्याचंच ऐकतो. फवाऱ्याला हवं होतं नवं. ज्यांना थोडंफार दिसतं त्यांच्यासाठी मोठ्या अक्षरांची, चित्रांची पुस्तकं करायला तो आला होता, आणि त्याचं लेआउटचं सॉफ्टवेअर माझ्या लिनक्सवर चालत नव्हतं. मग डिस्कचे दोन भाग केले, अर्धी मला आणि अर्धी त्याला.

मशीन चालू केलं की सगळ्यात आधी एक चिमुकला प्रोग्रॅम उठतो आणि विचारतो, आज राज्य कुणाचं? त्याला बूटलोडर म्हणतात. तो पडद्यावर यादी दाखवतो, आपण बाणाच्या बटणानं खाली सरकत जाऊन हवं ते निवडायचं आणि एंटर मारायचं. यात अडचण एकच. माझा बोलणारा प्रोग्रॅम तेव्हा उठलेलाच नसतो. त्यामुळे यादी मुकी. समोर काय लिहिलंय ते मला कुणीच सांगत नाही.

मी ते माझ्या पद्धतीनं जमवलं. जे लिनक्स शेवटी येतं ते यादीचा ताबा घेतं, म्हणजे फवाऱ्याचं पाहुणं म्हणून आलं आणि घरधनी होऊन बसलं. हे लक्षात यायच्या आधी मी अर्धा दिवस माझ्याच भागातली सेटिंगची फाईल बदलत बसले होते. बदलतेय, सेव्ह करतेय, मशीन पुन्हा चालू करतेय, आणि ढिम्म फरक नाही. ज्या दाराला कुलूपच नाही त्याची किल्ली फिरवत होते. मग माझ्या लिनक्समधूनच त्याच्या भागात शिरले आणि तिथली फाईल बदलली. यादी आली की मशीननं 'टूं' असा आवाज करायचा. मी बटण दाबेपर्यंत मुकाट्यानं थांबायचं. यादीत पहिलं त्याचं लिनक्स, दुसरी त्याचीच जास्तीच्या पर्यायांची ओळ, तिसरं माझं. म्हणून टूं झालं की दोन बाण, मग एंटर. अर्ध्या मिनिटात मशीन बोलायला लागायचं. सहा महिन्यांत एकदाही चुकलं नाही.

पुढे एक दिवस एका शाळेचे लोक प्रेस बघायला आले. मी प्रुफं वाचत होते. फवारा त्यांना हळू आवाजात म्हणाला, "दिसत नसून बिचाऱ्या किती करतात बघा." हळू आवाजात! दिसत नाही म्हटल्यावर ऐकूही येत नसणार, असा हिशेब. मला अशी शिसारी आली की पाहुणे जाईपर्यंत मी एकच ओळ चार वेळा वाचली.

पाहुणे गेल्यावर मी त्याला म्हटलं, "आजपासून माझ्याशी बोलायचं नाही."

"ताई, माझं काय चुकलं?"

"तुमचा आवाज ऐकला की मला मळमळतं, एवढंच. काही सांगायचं असेल तर लिहून द्या. ब्रेलमध्ये द्या. तोवर मी बहिरी पण आहे असं समजा."

तीन आठवडे त्यानं तोंडातून शब्द काढला नाही. खुर्ची सरकायची, बिस्किटाचा कागद वाजायचा, फुस्स व्हायचं. मला बरं वाटलं, हे मी लपवत नाही.

मग संस्थेच्या अध्यक्षबाईंचा निरोप आला. सोमवारी अकरा वाजता समिती प्रेसमध्ये येणार. ताईंना या वयात मशीनचा ताप कशाला, त्यांनी नुसतं वाचावं, मशीन नव्या माणसाकडे द्यावं, असा विचार चाललाय. तरी एकदा प्रत्यक्ष बघू. मशीन बंद असू दे, ताईंनी पहिल्यापासून सगळं करून दाखवावं.

माझं वय अठ्ठेचाळीस. आणि नुसतं वाचायचं म्हणजे काय, तर चूक सापडली की कागदावर खूण करायची, दुसऱ्याच्या टेबलावर ठेवायची आणि त्याला वेळ होईपर्यंत वाट बघायची. माझी चूक माझ्या हातानं दुरुस्त करता येते म्हणून मी ही नोकरी नोकरी मानते. मशीन गेलं की मी कोपऱ्यात बसवलेली बाहुली, पाहुण्यांना दाखवायला. त्या रात्री मी जेवले नाही. नवरा बस दुरुस्तीच्या डेपोत मेकॅनिक आहे, त्याला यातलं थोडं कळतं. तो म्हणाला, "अगं, तुला काय जड आहे? रोज करतेस ते करून दाखव." ते खरंच होतं. टूं, दोन बाण, एंटर. डोळे असलेल्यांना जमतं त्यापेक्षा लवकर.

शुक्रवारी संध्याकाळी माझ्या खणातली ब्रेलची पाटी सापडेना. हातानं ब्रेल टोचायची छोटी धातूची पट्टी असते, तिला आम्ही पाटी म्हणतो. तिचं टोकदार कलमही नव्हतं.

"माझी पाटी घेतली का तुम्ही?"

उत्तर नाही.

"चोराला वाचा नसते म्हणा," मी म्हटलं आणि घरी गेले.

सोमवारी सकाळी पाटी खणात होती, उलटी ठेवलेली आणि लिंबाचा वास येणारी. मी ती नळाखाली धुतली. मग कीबोर्ड पुसायला घेतला, तर बाणांच्या बटणांच्या वरच्या मोकळ्या जागेत काहीतरी चिकटलं होतं. बोट लावलं. बोटभर लांब पट्टी, बुळबुळीत कडा, आणि वर दातांनी चावल्यासारखे बारीक बारीक खड्डे. माझ्या अंगावर काटा आला. बिस्किटाच्या पुड्याची चिकटपट्टी! चघळून लावली माझ्या कीबोर्डला! मी नखानं ती खरवडून काढली. कचऱ्याचा डबा समितीसाठी कुठेतरी हलवला होता, आणि ती बोटाला चिकटून सुटेना, म्हणून टेबलाच्या खालच्या कडेला दाबून टाकली. मग तीन वेळा साबणानं हात धुतले.

अकराला समिती आली. सहा-सात माणसं असावीत. बुटांचे आवाज, कुजबुज, कुणाचा तरी खोकला. फवारा प्रिंटरजवळ उभा होता, वासावरून कळत होतं. अध्यक्षबाई माझ्या अगदी कानाशी येऊन म्हणाल्या, "घाबरायचं नाही हं. आम्ही सगळे तुमच्याच बाजूचे आहोत." त्या माझ्याशी नेहमी तीन वर्षांच्या मुलीशी बोलावं तशा बोलतात.

मी मशीन चालू केलं. पंखा घरघरला. टूं. दोन बाण. एंटर.

मी म्हटलं, "आता अर्ध्या मिनिटात मशीन बोलायला लागेल."

अर्धं मिनिट गेलं, मग एक मिनिटही गेलं. पंख्याची घरघर सोडली तर खोलीत चिडीचूप. कुणीतरी घड्याळाचा पट्टा चाळवला.

"ताई, ते फक्त..." प्रिंटरकडून फवाऱ्याचा आवाज आला. तीन आठवड्यांत पहिल्यांदा.

"बोलू नका!" मी ओरडले. "आणि हात लावू नका."

मशीन बंद केलं, चालू केलं. टूं. दोन बाण, एकेक मोजून. एंटर. पुन्हा शांतता. माझ्या पाठीतून घामाचा एक थेंब सरळ खाली उतरला. माझ्या मागे एक बाई म्हणाली, "अरेरे." ते 'अरेरे' मी मरेपर्यंत विसरणार नाही. वाटीतून सांडलेल्या दुधाला म्हणावं तसं होतं ते.

फवारा जवळ आला. "राहू दे ताई," तो म्हणाला, "मी करतो." आणि त्याचा ओला हात माझ्या हातावरून बटणाकडे गेला.

मी तो हात झटकला. मग जे केलं ते मी ठरवून केलं. लहानपणी बसमध्ये जागा मिळवायला मी एक आवाज काढायचे. थोडा कापरा, थोडा बसलेला, शेवटचा शब्द अर्धवट. शाळेतल्या बाईंनी त्याबद्दल मला एकदा थोबाडीत मारली होती, तेव्हापासून तो आवाज मी काढला नव्हता. तो त्या दिवशी काढला.

"यांनी मुद्दाम बदललंय," मी म्हटलं. "मला दिसत नाही ना, म्हणून. माझी पाटी पण शुक्रवारी यांनीच..." आणि पुढचं बोलले नाही. डोळ्यांतून पाणीही काढलं. माझे डोळे तेवढ्याच कामाचे आहेत.

"हे खरं आहे का?" अध्यक्षबाईंनी विचारलं. "तुम्ही मशीनमध्ये काही बदल केलात?"

"हो, पण..." फवारा म्हणाला.

"आणि यांची पाटी?"

"घेतली होती, पण..."

'पण'च्या पुढे त्याला कुणी जाऊच दिलं नाही. सगळे एकदम बोलायला लागले. एका आंधळ्या बाईशी असं वागायचं? लाज कशी वाटत नाही? दुपारपर्यंत फवाऱ्याला तिसऱ्या मजल्यावरच्या कागदाच्या कोठारात पाठवल्याचा हुकूम निघाला, आणि मशीन पूर्वीप्रमाणे ताईंकडेच राहील असंही त्यात लिहिलं होतं. आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन, ती म्हण माझ्यासाठीच केली असावी. मला मशीन मिळालं, वर फवाराही गेला. मला आनंद झाला, आणि आनंदाबरोबरच तोंडात कडू पाणी आलं. ते पित्ताचं असेल अशी मी स्वतःची समजूत घातली.

संध्याकाळी नवऱ्याला व्हिडिओ कॉल लावला आणि फोन पडद्यासमोर धरला. "यादी वाच," म्हटलं.

"पहिलं तर तुझंच आहे की," तो म्हणाला.

"काय?"

"सगळ्यात वर तुझं लिनक्स. मग त्याचं. मग त्याच्या जास्तीच्या पर्यायांची ओळ."

म्हणजे दोन बाण मारून मी त्या जास्तीच्या पर्यायांत शिरले होते. तिथे आणखी एक यादी उघडते आणि मुकाट्यानं वाट बघत बसते. तशीच ती बसली होती, समितीसकट. यादीतला क्रम काही छोट्या फायली ठरवतात. प्रत्येकीच्या नावाआधी आकडा असतो, लहान आकडा आधी येतो. त्याच्या लिनक्सची फाईल दहा नंबरची, माझं लिनक्स शोधून आणणारी तीस. माझं लिनक्स उघडून बघितलं, तर तिसाचे त्यानं नऊ केले होते.

"बघ, कसा गळा कापला माझा," मी म्हटलं.

नवरा म्हणाला, "गळा कापायचा असता तर तुझं तळाला ढकललं असतं ना? वर कशाला आणेल?"

"तुला काय कळतंय? तू बसची चाकं बदल," मी म्हटलं आणि फोन ठेवला. नवाचे पुन्हा तीस केले. दुसऱ्या दिवशी टूं, दोन बाण, एंटर, आणि मशीन बोललं.

नऊ दिवस गेले. खोलीत डिंकाचा, कागदाचा, गरम मोटरचा वास परत आला. दहाव्या दिवशी माझ्या हातून कलम खाली पडलं. वाकून चाचपताना टेबलाच्या कडेखाली बोटांना ती पट्टी लागली. शी! ती घाण अजून इथेच. ओढून काढली. आता चिकटपणा वाळला होता. फेकायला हात उचलला, आणि अंगठा त्या खड्ड्यांवरून सरकला.

खड्डे आडवेतिडवे नव्हते. दोन दोनच्या उभ्या ओळी होत्या, मधलं अंतर सारखं. एवढं अंतर माझ्या बोटांना झोपेतही कळतं. ते माझ्या पाटीच्या घरांचं अंतर होतं.

ब्रेल वाचताना टिंबं वर आलेली असतात. पण पाटीवर टोचताना कलम वरून खाली जातं, त्यामुळे कागद उलटा धरायचा, उलट्या दिशेनं लिहायचं, मग तो फिरवला की टिंबं सुलट्या बाजूला वर येतात. नवशिका सरळ समोरूनच टोचतो. दिसायला त्याला सगळं बरोबर दिसतं, आणि बोटाला लागतात नुसते खड्डे. ही प्रत्येकाची पहिली चूक असते, मी सहा वर्षांची असताना केली होती. मी नखाचं टोक एकेका खड्ड्यात घालून वाचायला लागले. कधी नव्हे ते एक ओळ वाचायला मला दहा मिनिटं लागली.

'बाण नको. फक्त एंटर.'

मी ती पुन्हा वाचली. मग तिसऱ्या मजल्यावर गेले.

कोठारात लिंबाचा वास नव्हता. कागदाची धूळ होती आणि रिमं एकावर एक ठेवल्याचा धप्प धप्प आवाज. मी दारात उभी राहिले तसा तो थांबला.

"इथे एक पायरी... नाही, तुम्हाला माहीत असेल," फवारा म्हणाला आणि जागचा हलला नाही. माझ्या कोपराला हात लावला नाही.

मी पट्टी पुढे केली. "हे कधी लावलं होतं?"

"शनिवारी. सुट्टीच्या दिवशी येऊन." त्यानं घसा खाकरला. "सोमवारी खोलीत गर्दी असणार, टूं ऐकू गेलं नाही तर तुमची मोजणी चुकेल असं वाटलं. म्हणून तुमचं वर आणलं. नुसतं एंटर मारलं तरी चाललं असतं. दोनदा मारलं तरी बिघडलं नसतं."

"मग तोंडानं सांगायला काय झालं होतं?"

"तुम्ही म्हणाला होतात, ब्रेलमध्ये लिहून द्या."

तो पुढे म्हणाला, "तीन आठवडे शिकत होतो. एका पुस्तकातून. चुकलं का काही?"

"समोरून टोचलंय. उलट्या बाजूनं टोचायचं असतं."

"हात्तेच्या. मग तुम्ही वाचलं कसं?"

"वाचलं नाहीच. घाण समजून खरवडून काढलं."

मी वाट बघत होते, त्यानं मला शिव्या घालाव्यात. मनापासून सांगते, एक सणसणीत शिवी मला हवी होती.

"राहू दे ताई," तो म्हणाला.

आणि पुन्हा धप्प धप्प रिमं लावायला लागला. मला किळस आली. या वेळी फवाऱ्याची नव्हे, त्याच्या बिस्किटांची नव्हे. तो कापरा आवाज घशात कुठेतरी अजून चिकटून होता, आणि तो स्पिरिटच्या बोळ्यानं निघणारा नव्हता.

मी तशीच अध्यक्षबाईंच्या खोलीत गेले. उभ्या उभ्याच सांगितलं.

"मी खोटं बोलले. त्यांनी मुद्दाम काही केलं नव्हतं. माझ्या सोयीसाठी केलं होतं, आणि मला कळावं म्हणून चिठ्ठी लावली होती. मी ती न वाचता काढून टाकली. आणि तुमच्यासमोर रडले ते सोंग होतं. त्यांना खाली परत आणा."

अध्यक्षबाईंनी खुर्ची मागे सारली, टेबलाला वळसा घालून आल्या आणि माझा हात हातात घेतला. तो क्रीम लावलेला होता, ओलसर.

"किती मोठं मन आहे हो तुमचं," त्या म्हणाल्या. "ज्यानं छळलं त्यालाच वाचवायला आलात."

"बाई, नीट ऐका. मी खोटं बोलले."

"तुमच्यासारखी माणसं खोटं बोलत नाहीत." त्यांचा आवाज भरून आला होता, खरोखरच. "त्यानं धमकावलंय का तुम्हाला? अजिबात घाबरू नका. तो वरच राहील, मी बघते." मग शिपायाला हाक मारली. "ताईंना खालपर्यंत सोडून ये रे. जिना आहे, धरून ने."

शिपायानं माझं कोपर धरलं आणि मला प्रत्येक पायरी मोजून दाखवली.

मी अजून दर सोमवारी वर जाते आणि तेच सांगते. अध्यक्षबाई दर सोमवारी माझं मन किती मोठं आहे ते मला सांगतात. परवा तर त्यांनी ते संस्थेच्या मासिकात छापायला दिलं, आणि मजकूर ब्रेलमध्ये करायला माझ्याकडेच आला. मी एकही चूक न करता छापला.

यादीत तिसाचे पुन्हा नऊ केलेत. पट्टी होती तिथेच, बाणांच्या वर, नव्या गोंदानं लावलीय. सकाळी टूं होतं, माझं बोट सवयीनं बाणाकडे जातं, त्या खड्ड्यांवर अडतं आणि मग एंटरकडे वळतं. मशीन बोलायला लागतं. खोलीत लिंबाचा वास येत नाही, आणि तिथे माझं कोपर कुणी धरत नाही.